जोडीनं केलेली मृत्युपत्रं

रिपोर्ट आला त्या दिवशी मी ऑफिसला गेले. हे ऐकलं की लोक माझ्याकडे जरा वेगळं बघतात, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. यवतमाळच्या डॉक्टरांनी सकाळी सांगितलं की छातीतली गाठ साधी नाही, नागपूरला जावं लागेल, आणि लवकर जावं लागेल. माझा नवरा वसंता खुर्चीची कड धरून बसला होता. मी डॉक्टरांना विचारलं, "रजेच्या अर्जाला जोडायला एक प्रत मिळेल का?" त्यांनी दिली.

बाहेर आल्यावर वसंता म्हणाला, "घरी जाऊ."

मी म्हटलं, "एका बाईची वारस नोंद राह्यली हाय. बिचारी तीनदा येऊन गेली. तुम्ही जा."

दुपारी एस्टीनं महागावला उतरले, तिथून माझ्या साझ्याच्या, म्हणजे तलाठी म्हणून माझ्याकडे असलेल्या गावी गेले, नोंद केली, सही केली आणि त्या बाईनं केलेला चहा प्यायले.

मला काही वाटत नव्हतं. ही बहादुरी नव्हती. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात तेव्हा गाल कसा होतो, तसं सगळं अंग झालं होतं. आहे हे माहीत, पण आपलं नाही. पुढचे आठ-नऊ महिने थोड्याफार फरकानं असंच राहिलं. त्याला आता काही वर्षं झाली आणि मी हे बसून लिहिते आहे, म्हणजे शेवट काय झाला ते तुम्हाला कळलंच. ज्यांचं आत्ता सुरू आहे त्यांना एवढंच सांगते, रडू येत नाही म्हणून स्वतःला दगड समजू नका.

आम्ही तिघं

माझा बाप सालदार होता, दुसऱ्याच्या शेतावर वर्षाच्या बोलीनं राबणारा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पुसदला बी.ए. केलं आणि तलाठ्याची परीक्षा पहिल्याच वेळी पास झाले. वसंता दहावी. महागावच्या बसस्टँडजवळ त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो नवी तार भरून चालू करून देतो. माझं शिक्षण जास्त आहे याचं त्याला काही नाही. मला आहे, आणि ते मी लपवत नाही.

आम्हाला मूल झालं नाही. वैशाली माझ्या बहिणीची. बहीण बाळंतपणानंतर दोन महिन्यांत गेली, तिच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. पोरगी सव्वा वर्षाची असताना वसंता तिला बघायला गेला, आणि कडेवर घेऊन जो एस्टीत बसला तो आमच्याच दारात उतरला. तेव्हापासून ती मला आई म्हणते, त्याला बाबा. दत्तकाचा कागद आम्ही केला नाही. तो पंधरा वर्षांच्या आत करायचा असतो, हे मला पाठ होतं. दर उन्हाळ्यात मी म्हणायची, औंदा करू. आजार निघाला तेव्हा वैशू सोळा पूर्ण झाली होती.

ती कापसाची वाईट वर्षं होती. माझ्याकडच्या गावांत तरुण माणसं जात होती. वारस नोंदीच्या वहीला आम्ही सहा-क म्हणतो, ती वही तेव्हा लवकर भरायची. मयत अमुक, वारस तमुक. लिहून लिहून माझा हात त्या शब्दावर आपोआप चालायचा. आणि मागं राहिलेल्या बायकांना मी रागवायची, "बाई, माणूस चालताबोलता असतो तेव्हाच कागद करून घ्यावं न!" दुसऱ्याला सांगताना माझा आवाज फार चढायचा.

मधली खाट

नागपूरच्या हॉस्पिटलात ऑपरेशननंतर अकरा दिवस होते. पहाटे झाडूवाली बाई, मग ताप बघणारी सिस्टर, मग दूध, मग डॉक्टरांचा घोळका. जखमेतून निघालेली नळी आणि तिची बाटली मी कापडी पिशवीत घालून खांद्याला अडकवायची आणि तशीच संडासाच्या रांगेत उभी राहायची. पहिल्यांदा पट्टी उघडतात तेव्हा सगळ्या बायका छताकडे बघतात म्हणे. मी खाली बघितलं. सपाट होतं. सिस्टर म्हणाली, "रडायचं असेल तर रडून घ्या ताई." मी म्हटलं, "नाही, बघून झालं."

माझी खाट मधली, आणि शेजारच्या खाटेवर नेरची रजियाबी होती. तिचा नवरा ट्रॅक्टर मेकॅनिक. बाई माझ्याहून जास्त आजारी आणि माझ्याहून जास्त बोलकी. एका शनिवारी वैशू येऊन माझे केस विंचरून गेली. ती गेल्यावर रजियाबीनं विचारलं, "ये लडकी तेरी है?"

"बहिणीची. पण वाढवली आम्हीच."

"कागज है?"

"नाही."

रजियाबी उठून बसली. उठताना तिला फार दुखायचं, तरी उठली. "तू तो तलाठीन है न? पूरे गाँव के कागज बनाती और अपनी बच्ची का नहीं बनाया? वा रे अफसर!"

वॉर्डातल्या दोघी-तिघी हसल्या. मीही हसले. मग भिंतीकडे तोंड करून मी आमचीच वारस नोंद डोक्यात मांडली. महागावातलं दोन खोल्यांचं घर माझ्या नावावर, माझ्या पगारातून बांधलेलं. दोन एकर शेत वसंताच्या नावावर. मी गेले तर घर वसंताचं. मग वसंता गेला की सगळं त्याच्या मोठ्या भावाचं. समजा तो आधी गेला आणि मी मागाहून, तरी कायद्यानं माझं घर माझ्या नवऱ्याच्याच वारसांना, म्हणजे पुन्हा त्या भावाला. कसंही फिरवून मांडा, वैशूचं नाव येत नव्हतं. दुसऱ्या कोणाची असती तर ही नोंद मी पाच मिनिटांत करून टाकली असती.

मरणाची भीती मला वाटली की नाही, सांगता येत नाही. पण या पोरीला कोणी एक दिवस "चल, सामान उचल" म्हणेल, एवढं मात्र त्या भिंतीवर स्पष्ट दिसलं.

जोडीनं

घरी आले आणि किमो सुरू झाली. दर एकवीस दिवसांनी नागपूर. केस गेले, जिभेची चव गेली, पायाच्या बोटांना मुंग्या आल्या. माझी जाऊ भेटायला आली ती डबा भरून मेथीची भाजी घेऊन. खूप जवळ बसली, पाय दाबले, आणि म्हणाली, "आता पोरीले तिच्या बापाकडं धाडून द्या. बिमार मानसाच्या घरी जवान पोरगी कायले?" तिच्या मनात वाईट नव्हतं. वैशू आत स्वयंपाक करत होती. तिनं ऐकलंच असेल. त्या दिवशीच्या पोळ्या करपल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी वसंताला सांगितलं, "मी मृत्युपत्र करते."

तो जेवत होता. घास खाली ठेवला, पाणी प्यायला. "मंग मी बी करतो."

"तुम्हाले काय झालं?"

"काही नाही. पूजेले जोडीनं बसा लागते, मले एकट्याले पाटावर कोनी बसू देत नाही. मंग याले तू एकटी काहून?"

मी म्हटलं, कायद्यानंही दोघांची लागतीलच. एकसारखी. तुमचं मला, माझं तुम्हाला, आणि दोघांच्या मागं सगळं वैशूला. तो म्हणाला, "कायदा तुह्याजवळ ठेव. मी जोडीचं म्हनून राह्यलो."

मृत्युपत्राला डॉक्टरचा दाखला जोडलेला बरा असतो, की माणूस पूर्ण शुद्धीत आहे. गावातल्या डॉक्टरांनी मला लगेच लिहून दिला. वसंता म्हणाला, "मले बी द्या." डॉक्टर म्हणाले, "तुम्ही धडधाकट आहात, तुम्हाला कशाला?" वसंता म्हणाला, "माह्यं डोकं ठिकानावर हाय हे कोनी तरी लिहून द्या न, हे बाई वीस वर्षं झाले मानत नाही." डॉक्टर इतके हसले की त्यांनी तारीख चुकवली आणि दाखला पुन्हा लिहावा लागला.

वकिलाकडे जायचं वसंताच्या मनात होतं. मी नाही म्हटलं. मग मी शिकले कशाला? तिसऱ्या किमोनंतरच्या आठवड्यात भिंतीला टेकून, मांडीवर पाटी घेऊन, मी दोन्ही मसुदे एका बैठकीत लिहिले. आधी माझा. मग नावं बदलून त्याचा. एक खाडाखोड नाही. टायपिंगवाल्यानं जसंच्या तसं टाइप केलं. कोणी वाचलं नाही. मी लिहिलं आहे म्हटल्यावर वाचायचं काय?

चार ठिकाणी

दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात आम्ही दोन साक्षीदार घेऊन गेलो, दुकानाचा शेजारी आणि माझ्या ऑफिसातला एक जण. तिथले बाबू मला कामातून ओळखत. त्यांनी चष्मा लावून वाचायला घेतलं आणि दुसऱ्या परिच्छेदात थांबले. मग माझ्याकडे बघितलं.

"तलाठीबाई, मयत माणसाची सही मी कशी घेऊ?"

"कोण मयत?"

त्यांनी कागद फिरवून बोट ठेवलं. मयत सौ. सुनंदा हिचे नावे असलेले घर. मयत सौ. सुनंदा हिचे पश्चात. मयत सुनंदा हिचे पती. चार ठिकाणी. त्यांनी दुसरा कागद उघडला. तोही तसाच, चार ठिकाणी मयत वसंता.

वसंतानं कागद हातात घेतला. "मले कायले मारलं वं? मी तर चांगला हाय!"

सगळं ऑफिस हसलं. साक्षीदार हसले, बाबू हसले, दारातला चहावाला हसला. मग एकेकाचं लक्ष माझ्या डोक्याच्या रुमालाकडे गेलं आणि हसणं एकेक करून थांबलं. मी उभी होते. मला लाज वाटली ती फक्त चुकीची, की बी.ए. झालेल्या, इतकी वर्षं नोकरी केलेल्या बाईकडून असं व्हावं. बाकी काही नाही. तो शब्द माझ्या नावाआधी शोभत नाही, असंसुद्धा मला वाटलं नाही. ते मला पुढं फार दिवसांनी भिववून गेलं.

बाबूंनी खुर्ची दिली. दुरुस्त करून आणा म्हणाले. आणि आवाज खाली करून म्हणाले, "आणखी एक सांगतो. साक्षीदार असे घेऊ नका. उद्या जो भांडू शकतो त्यालाच साक्षीला घ्या. त्याचीच सही असली की मग कोण भांडणार?"

 घरी आल्यावर वसंतानं वैशूचा पेन घेतला आणि माझ्या कागदावरचा तो शब्द खोडला. चारही ठिकाणी. इतका दाबून, की एका ठिकाणी कागद फाटला. त्याचा कागद मी पुढं केला तर म्हणाला, "माह्यं राहू दे. तुले टाइम भेटन तवा काढ."

भासरे

उद्या भांडू शकेल असा एकच माणूस होता, वसंताचे मोठे भाऊ देवरावदादा, माझे भासरे. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी तोंडानं बोलत नाही. डोक्यावर पदर, आणि जे सांगायचं ते तिसऱ्याच्या तोंडून. मी तहसीलदारासमोर बोलते, आमदाराच्या माणसांना गप्प बसवते, पण दादांशी वीस वर्षांत माझा एक शब्द झाला नव्हता.

ते आले, ओसरीवर खाटेवर बसले. मी दाराआड खुर्चीवर, रुमालावर पदर घेतलेला. मध्ये वसंता.

"दादा, आमी दोघं मृत्युपत्र करून राह्यलो. समदं वैशूच्या नावानं. तुमी साक्षीदार व्हा."

दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तिले इचार, तिच्या मनानं हाय का हे?"

वसंता माझ्याकडे वळला. मी चार हातांवर होते. "तुह्या मनानं हाय का?"

"त्यायले सांगा, हो."

"हो म्हनते."

"म्या आयकलं," दादा म्हणाले. उठले, टोपी घातली. "पाहू." आणि निघून गेले.

ते 'पाहू' आठ दिवस चाललं. दोन एकर म्हणजे त्यांच्या शेताला लागून असलेले दोन एकर, बांध तेवढा मध्ये. त्यांना दोन मुलं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता, आणि वैशूचं त्या घरातलं राहणं कोर्टाच्या तारखांवर गेलं असतं. त्या आठ दिवसांत दोन्ही कागद नव्यानं टाइप करून घेतले, आणि माझी चौथी किमो झाली. उलट्यांच्या मध्ये मी वसंताला विचारायची, "दादाचं काही?" तो मान हलवायचा.

नवव्या दिवशी आम्ही नोंदणीला जाणार हे वसंतानं कळवलं होतं; दादा सरळ निबंधकाच्या ऑफिसातच आले. धुतलेलं धोतर, हातात चष्म्याची डबी. बाबू वाचून दाखवतो म्हणाले तर दादा म्हणाले, "मले वाचता येते." चौथी शिकलेला माणूस. बोट ठेवून ओळ न ओळ वाचली, दोन्ही कागदांची. मागची माणसं खोळंबली. दुसऱ्या कागदावर बोट थांबलं. त्यांनी वर बघितलं, आणि वसंताकडे नाही, माझ्याकडे.

"बाई."

मी पदर ओढला.

"हे 'मानलेली मुलगी' काहून लिहिलं?"

मी वसंताकडे बघितलं, पण त्यांनी मला विचारलं होतं. म्हटलं, "दादा, दत्तकाचा कागद नाही न. कायद्यात तसं लिहा लागते."

"घरी तर कोनी मानलेली म्हनत नाही तिले."

"नाही."

"मंग कायद्यापुरतंच राहू द्या."

त्यांनी सही केली. एकेक अक्षर वेगळं काढून, दोन्ही कागदांवर. आधी वसंतानं आणि मी केली होती, दुसरी साक्ष शेजाऱ्याची झाली. मग दादांनी चष्मा डबीत घातला आणि नेहमीसारखे वसंताला म्हणाले, "तिले सांग, उन्हात उभी राहू नोको म्हना."

मला तेव्हा काही तरी वाटायला हवं होतं. हे मला कळत होतं. काम झालं, एवढंच वाटलं.

वैशू

संध्याकाळी दोन्ही कागद मी वैशूपुढं ठेवले. मार्कशीट दाखवावी तसे. मला वाटलं तिला आनंद होईल, निदान हायसं वाटेल. ती अकरावी सायन्सला होती, भराभर वाचते. वाचून झालं, पुन्हा पहिलं पान काढलं.

"आई, याच्यात आधी कोन जाते?"

"ते माहीत नसते. म्हणून तर दोन केले."

"आन मंग दुसरं?"

"मग घर तुह्यं, शेत तुह्यं. कोणीच तुले काढू शकत नाही."

"बरं. मी त्या घरी कोनासंग राहू?"

वसंता कागद उचलायला गेला, तर तिनं त्यांवर हात ठेवला.

"मोठ्या बाबाले इचारलं," वैशू म्हणाली (दादा तिचे मोठे बाबा), "डॉक्टरले इचारलं, त्या ऑफिसातल्या मानसाले इचारलं. मले कोनी इचारलं? म्या कवा म्हटलं का मले घर पाह्यजे? तुले काय झालं हाय ते बी मले कोनी सांगितलं नाही. गाठ होती, काढली, म्हनता. मंग केस कायनं गेले? मी लहान हाय का?"

ती खरं बोलत होती. त्या आजाराचं नाव आमच्या घरात कोणी घेत नव्हतं. कागदावर मी चारदा मरून घेतलं होतं, पण सोळा वर्षांच्या पोरीला आजाराचं नाव सांगायची हिंमत केली नव्हती. ती घराची वाट बघत नव्हती. मी राहते की नाही, हे कोणी तरी सांगेल याची वाट बघत होती.

म्हणून सांगितलं. कॅन्सर आहे. कुठपर्यंत गेला होता, काय काढलं, किती किमो राहिल्या.

"बरी होशीन का?"

"माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, होईन. पण मला माहीत नाही."

आजार निघाल्यापासून या घरात मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य होतं. जे हे वाचून कागद करायला निघतील त्यांनी जरूर करावेत, दोघांनी करावेत, एकाच दिवशी करावेत, आणि स्वतः शहाणं न होता दुसऱ्याकडून वाचून घ्यावेत. पण ज्याच्यासाठी करता त्याला आधी जवळ बसवून सगळं सांगा. आम्ही उलटं केलं.

वैशूनं दोन्ही कागद घडीवर घडी ठेवून नीट दुमडले, आलमारीत साड्यांखाली ठेवले आणि चावी माझ्या हातात दिली. मग आली आणि माझ्या मागं, पाठीला पाठ लावून जमिनीवर बसली. अभ्यासाचं पुस्तक उघडलं. मला रडू आलं नाही. तिची पाठ गरम होती, एवढं मात्र मला लागत होतं.